चहा म्हणजे खाणं न्हाई

जिंतूरच्या स्टँडवर परभणीची एसटी लागली तेव्हा दादा, म्हणजे माझे वडील, माझी मोठी बॅग उचलायला वाकले आणि मायनं त्यांचं मनगट धरून ठेवलं. "डाक्टरनं वजन उचलू नका म्हनलंय ना तुमाला?" दादा ओशाळले. तीनच महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली होती. मग बॅग मीच गाडीत रेटली. मी जर्मनीला निघाले होते, आमच्या गावातली पहिलीच, आणि खरं सांगते, मला रडू येत नव्हतं. मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या. माय एकीकडे पदरानं डोळे पुसत होती आणि दुसरीकडे ओळख ना पाळख अशा बायकांना सांगत होती, "रगताच्या नळ्या शिकायला चाललीय माझी पोरगी."

गाडी सुटताना दादा खिडकीपाशी आले. "मित्रा पोरी, तिकडच्या लोकायला एक इचार. बिडी न्हाई, तंबाखू न्हाई, दारू न्हाई, अंगावर मांस न्हाई. मंग मलाच कामून?"

तुम्ही जे गावात राहिलात आणि जे माझ्यासारखे कुणी पुण्याला, कुणी हैदराबादला, कुणी आखातात निघून गेलात, त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. कारण तो प्रश्न एकट्या दादांचा नव्हता. वीस वर्षं ऊस तोडलेला काटक माणूस, वाऱ्यानं उडेल असा, एके दिवशी छाती धरून खाली बसतो. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असणार.

परभणीच्या कॉलेजात मी शिकले तेव्हा रक्तवाहिनी म्हणजे विहिरीवरच्या मोटारीचा पाइप अशी माझी समजूत होती. चरबी आली, आतून चिकटली, पाइप तुंबला, संपलं. जर्मनीतल्या लॅबमध्ये पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिनीचा पातळ काप बघितला आणि मी खुर्चीतून अर्धी उठलेच. चरबी आतून चिकटलेली नव्हतीच, ती भिंतीच्या आत शिरलेली होती! आणि ती खायला धावून आलेल्या पांढऱ्या पेशी खाऊन खाऊन फुगल्या होत्या, तिथंच मरून पडल्या होत्या. म्हणजे हा तुंबलेला पाइप नाही, ही न भरणारी जखम आहे. साखर वाढली की ती जखम चिघळते. यकृतात चरबी साठली, सांधे सुजले, हिरड्यांत पू झाला, तरी त्या दाहाची झळ रक्तातून इथवर पोचू शकते. मधुमेह, आमवात, हृदयविकार हे मी वेगवेगळे धडे म्हणून पाठ केले होते, ते एकमेकांचे सोयरे निघाले. त्या दिवशी मी मायला फोनवर तासभर हेच सांगत होते. ती म्हणाली, "जेवलीस का?"

माझ्या मार्गदर्शक इंग्रिडबाई. इथे त्यांना नुसतं इंग्रिड म्हणायचं, बाई नाही, मॅडम नाही. पहिले सहा महिने माझी जीभच वळेना. त्यांना मी दादांचा प्रश्न सांगितला. त्या म्हणाल्या, मग तुझ्याच गावातून सुरू कर. साखर कारखान्यांचा हंगाम संपून ऊसतोडीची माणसं गावात परतली, तेव्हा मीही परतले. आमच्या घराला लागून असलेल्या बुद्धविहारात शिबिर लावलं. पहाटेपासून रांग. उपाशीपोटी रक्त, मग मानेच्या रक्तवाहिनीची सोनोग्राफी. प्रत्येकाला मी स्वतः विचारलं, "काही खाल्लं का सकाळपासून?" प्रत्येकानं सांगितलं, "न्हाई." नमुने पुण्याला तपासायला गेले आणि मी जर्मनीला परतले.

आकडे आले तेव्हा मी लॅबमध्ये अक्षरशः नाचले. काटकुळी माणसं, आणि रक्तातली साखर, इन्सुलिन, चरबी, सगळं चढलेलं! शरीरात कुठंतरी सूज धुमसतेय हे सांगणारी रक्तातली दाहाची खूणही चढलेली. इंग्रिडसुद्धा खुर्ची ओढून शेजारी बसल्या. माझी सगळी पीएचडी त्या एका तक्त्यात उभी होती, आणि दादांचं उत्तरही.

घरी व्हिडिओ कॉल लावला. माय खूश झाली आणि सहज बोलून गेली, "व्हय तर. रगत द्यायलाय मानूस, चक्कर येऊ ने म्हून सगळ्यायला चहा पाजूनच पाठवायले व्हते म्या. चांगला गोड."

"माय! उपाशी म्हटलं होतं ना मी!"

"उपाशीच व्हते की समदे. चहा म्हंजी काय खाणं हाय का?"

राग मायचा नाही आला, स्वतःचा आला. परदेशी माणसानं ही चूक केली असती तर मी त्याला हसले असते. पण मी त्याच घरात वाढलेली. आमच्याकडे चहा खाण्यात मोजत नाहीत, दारात आलेल्या माणसाला तो दिल्याशिवाय पाठवत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं? जर्मनीतून नेलेला प्रश्न मी जसाच्या तसा मराठीत विचारला आणि माझ्या माणसांनी त्याला खरंखुरं उत्तर दिलं.

दोन दिवस गप्प राहिले. कुणाला कळलंही नसतं, हा विचार मनात आला नाही असं म्हणाले तर ते खोटं होईल. मग इंग्रिडना सांगितलं. त्यांनी तक्ता पुढे ओढला आणि एकेका रकान्यावर बोट ठेवत गेल्या. साखर, इन्सुलिन, चरबी, तिन्ही रकाने रद्द. पीएचडी एक वर्ष पुढे. मग त्यांचं बोट दाहाच्या रकान्यावर थांबलं. ती खूण कपभर चहानं हलत नाही. जाड झालेल्या रक्तवाहिन्या तर मुळीच हलत नाहीत. तो रकाना टिकला होता!

पण मग तो दाह येतो कुठून? मी माझी प्रश्नावली पुन्हा काढली, या वेळी मायच्या डोळ्यांनी वाचायला. 'तंबाखू खाता का?' सगळ्यांचं उत्तर नाही. आणि मला घरातली मिश्रीची डबी आठवली. आमच्याकडे चहा जसा खाण्यात धरत नाहीत, तशी मिश्री तंबाखूत धरत नाहीत. तव्यावर जाळलेली तंबाखूच ती, पण दातांना लावायची, म्हणून ते दंतमंजन, रोज हिरड्यांवर घासलं जाणारं. आमच्या घरात सकाळी सगळेच लावायचे. दादासुद्धा.

पुढच्या उन्हाळ्यात परत गेले. या वेळी विहाराच्या दारात माय स्वतः उभी राहिली, आमच्या चुलीजवळ कुणाला फिरकू दिलं नाही. तिचा सख्खा भाऊ कुरकुरला तर म्हणाली, "आधी रगत, मंग चहा. पोरीचं सालभर वाया घालवलंय म्या." सोबत जिंतूरचे एक दंतवैद्य आले होते, त्यांनी एकेकाच्या हिरड्या तपासल्या. मी नवा प्रश्न विचारला, "मिश्री कधीपासून लावता?" माणसं हसली, आणि भराभर सांगू लागली.

या वेळी साखरेचे आकडे पहिल्यासारखे भन्नाट नव्हते. काहींचे होतेच चढलेले, बऱ्याच जणांचे ठीक. पण ज्यांच्या हिरड्या सुजून दात हलत होते, त्यांच्यात दाहही जास्त आणि मानेतली भिंतही जाड, असं पुन्हा पुन्हा दिसत गेलं. मिश्री, हिरड्या आणि रक्तवाहिनी यांतलं कोण कुणाला आणतं, की तिघं नुसतेच सोबत फिरतात, हे अजून ठरायचंय. माझी पुढची वर्षं त्यातच जाणार आहेत आणि मला त्याचा इतका आनंद आहे की सकाळी गजराआधी जाग येते.

पेपर अजून छापून यायचाय. पण या शिबिरानंतर मी निघताना शेजारची कांताकाकू म्हणाली होती, "रगत नेतेत समदे, सांगाया कुनी येत न्हाई." म्हणून आकडे हातात आल्यावर मी पुन्हा गावी गेले. विहाराच्या फरशीवर बसून प्रत्येकाला त्याचा कागद वाचून दाखवला, फळ्यावर रक्तवाहिनीची भिंत काढली. माय म्हणाली, "मिश्री आजच सुटंल असं म्या सांगत न्हाई. पण त्या दाताच्या डाक्टरकडं येते."

सगळे गेल्यावर दादा फळ्यापाशी तसेच उभे राहिले. हळूच म्हणाले, "म्हंजी म्या खोटं बोललो व्हतो डाक्टरला. तंबाखू न्हाई म्हनून."

"न्हाई दादा. तुमाला कुनी नीट इचारलंच नव्हतं. मीबी न्हाई."

हे बोलताना माझी मराठी आपसूक गावची झाली होती. जर्मनीत माझी नोकरी आहे, भाड्याची खोली आहे, इंग्रिड आहेत, आणि ते जग मला मनापासून आवडतं. पण माझी चूक मला जिथे गावच्या बोलीत सांगता आली आणि जिथे ती ऐकून एका म्हाताऱ्या माणसाच्या मनावरचं ओझं उतरलं, ते माझं घर.