बाहेरची कडी

चावीवाला तसा गिऱ्हाइकाच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हे. पण आतून उघडत नाही असं कुलूप बसवायचं नाही, हा त्याचा हट्ट. बाहेरून कडी ठोकून द्या म्हणणाऱ्याला तो सरळ दुसऱ्या दुकानाची वाट दाखवी. लोक म्हणत, याला धंदा करायचाय की प्रवचन द्यायचंय? तो हसण्यावारी नेई.

लहानपणी बाप त्याला आणि धाकट्या बहिणीला घरात ठेवून, बाहेरून कडी घालून कारखान्यात जाई. आई नव्हतीच. एकदा घराला आग लागली. हा मोरीच्या खिडकीतून कसाबसा बाहेर पडला. धाकटीचा हात तिथवर पोचला नाही. पुढं बापानं तिचा विषय म्हणून कधी काढला नाही. बापलेक एका छताखाली राहिले, कामापुरतं बोलले. एकदा तरी बापानं 'चुकलो' म्हणावं, एवढ्यासाठी चावीवाल्याचा जीव अडकला होता. म्हटलं असतं, तर त्यानं माफ केलं असतं. निदान त्याला तसं वाटे.

आता म्हातारा भ्रमिष्ट झाला. दार उघडं दिसलं की निघाला रस्त्यावर. एकदा तर गाडीखाली येता येता वाचला.

"अहो, कडी लावून जात जा," शेजारीण म्हणाली. "दुसरं काय करणार?"

चावीवाल्यानं बरीच चालढकल केली आणि शेवटी स्वतःच्याच दाराला बाहेरून कडी ठोकली. बापावरचा अर्धा राग तिथंच गळाला. त्यानं बरं वाटलं असं मात्र नाही. इतकी वर्षं तेवढाच तर आधार होता.

दुपारी तो जेवायला परतला, तर आतून दारावर धपाधप थापा.

"कुणी आहे का? दार उघडा हो. पोरं आत आहेत माझी."

त्यानं घाईघाईनं कडी काढली. म्हाताऱ्याचे तळहात सोलवटले होते. त्यानं लेकाला ओळखलं, चक्क ओळखलं, तोंडावरून हात फिरवला. मग त्याच्या पाठीमागं पाहू लागला.

"तू आलास. धाकटी कुठंय?"

हा माणूस इतकी वर्षं त्या दाराशीच उभा होता, हे चावीवाल्याला आत्ता कळलं. माफ करायला काही उरलंच नव्हतं, आणि सुटका दोघांचीही नव्हती.

"येतेय, बाबा," तो म्हणाला. "मागून येतेय."

म्हातारा उंबऱ्यावर बसला. अंधार पडला तरी आत यायला तयार होईना.