देवापुढच्या सहा बाटल्या

लॅबचा रिपोर्ट गुरुवारी दुपारी आला. मी ऑफिसात डबा उघडून बसले होते. एका हाताने पोळी मोडत दुसऱ्या हाताने तो फोनवर उघडला आणि घास तोंडातच राहिला. तेलाच्या सहा बाटल्या तपासायला पाठवल्या होत्या, सहाही नापास. सगळ्यात जुन्या बाटलीत तर लेबलवर लिहिलेल्याच्या जेमतेम निम्मा अर्क सापडला होता. त्या बाटल्या माझ्या मैत्रिणीच्या लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या कारखान्यातल्या होत्या आणि मीच त्या माझ्या हातांनी उचलून आणल्या होत्या.

मी तेव्हा ज्या कंपनीत होते तिला धंदा नव्हता. हे कुचकटपणे म्हणत नाही, खरंच नव्हता. शेअर बाजारात तिची नोंद होती, बँकेत गुंतवणूकदारांचे पैसे होते, लंडनमध्ये भाड्याची एक खोली होती, बस. अशा कंपनीला इकडे शेल कंपनी म्हणतात. तिने ठरावीक मुदतीत दुसऱ्या कुणाचा तरी चालता धंदा शोधायचा आणि त्यात हिस्सा घ्यायचा. थोडक्यात, नवरदेव मुंडावळ्या बांधून तयार, फक्त मुलगी बघायची बाकी. आमच्या चेअरमनने ठरवलं होतं की मुली सीबीडीच्या घराण्यातल्याच बघायच्या. सीबीडी म्हणजे भांगेच्या कुळातल्या झाडाचा अर्क, पण नशा न आणणारा. इथे त्याची तेलं, गोळ्या, मलमं दुकानात उघड मिळतात. चेअरमन एडिनबरात बसून व्हिडिओवर बोलायचा, एक वकील होता आणि आठवड्यातले तीन दिवस मी. हिशेब, फॉर्म, पत्रं, सगळं माझ्याकडे.

मैत्रिणीचं स्थळ मीच सुचवलं. ओळख आहे हे लिहून दिलं होतं. चेअरमन म्हणाला, ओळखीचं असेल तर उत्तमच.

ती आणि मी नागपूरहून एकाच वर्षी इकडे आलो. मी स्टॅनमोरला राहिले, ती वॉटफर्डला. तिचा नवरा गेला तेव्हा मी तिच्या घरीच होते. फ्यूनरलच्या सकाळी तिची चुलत सासू ओला नॅपकिन घेऊन तिच्यापुढे उभी राहिली, कपाळाचं कुंकू पुसायला. मैत्रीण मान खाली घालून बसली होती, पुसू द्यायलाही तयार होती. माझं डोकं फिरलं. मी त्या बाईंच्या हातातून नॅपकिन काढून घेतला आणि म्हटलं, "अहो, इथे कुणी काही पुसणार नाही." त्या बाई माझ्याशी आजतागायत बोलत नाहीत. मैत्रीण मात्र रोज कुंकू लावते, कारखान्यात केसांवर जाळीची टोपी घालते तेव्हाही.

तेलाचा धंदा तिने नंतर सुरू केला. इथल्या मराठी मंडळात बायका मागे तिला भांगवाली म्हणायच्या आणि पुढ्यात सॅम्पल मागायच्या. तिने तिकडे लक्ष दिलं नाही. नोकरी सोडली, नियमांची जाडजूड पुस्तकं पाठ केली, दोन बायका हाताशी घेतल्या आणि इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात बाटल्या भरू लागली. दुकानदार तिच्या मालाबद्दल कधी तक्रार करत नव्हते. आता तिला मोठं यंत्र घ्यायचं होतं, म्हणून ती थोडा हिस्सा विकायला तयार झाली होती.

आम्ही बघायला गेलो त्या दिवशी सकाळभर ऊन होतं. वकील बाहेर फोनवर अडकला आणि मला म्हणाला, सॅम्पल तूच घे, प्रत्येक बॅचची एक राखीव बाटली. मी आत गेले. खिडकीत तिचा देव्हारा होता. गणपती, दिवसभर तेवणारी छोटी समई, खाली रेडिएटर. आणि समईच्या बाजूने ओळीने सहा बाटल्या, प्रत्येकीच्या झाकणावर कुंकवाचं बोट.

"ह्याच ठेवलेल्या आहेत," ती म्हणाली. "दर बॅचची पहिली बाटली देवापुढे. झाकण उघडून नैवेद्य दाखवते आणि मग इथेच असू देते. कायद्याला पण एक ठेवावी लागतेच ना, म्हटलं दोन्ही कामं होतात. ह्याच ने गं, शुभ होईल."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. हेच मला आजही छळतं. बॅचमधली पहिली ती देवाची, आणि देवाची म्हणजे सगळ्यात चांगली, असं तिला वाटलं आणि तसंच मलाही वाटलं. आम्हा दोघींची कॉलेजात केमिस्ट्री होती. तरी ऊन, आच आणि सैल झाकण ह्यांनी कशाचं काय होतं हा विचार एकीच्याही मनात आला नाही. देवासमोर आपण असला विचार करत नाही.

मी नमस्कार करून बाटल्या घेतल्या, झाकणं घट्ट केली. तेवढ्यात काचेतून वकील फोन खिशात ठेवून आत येताना दिसला. मी पर्समधून रुमाल काढला आणि झाकणांवरचं कुंकू भराभर पुसलं. त्याने विचारलं असतं, हे लाल काय आहे, मग मला देव समजावून सांगावा लागला असता, आणि तो ते सभ्य, रिकामं हसू हसला असता. मला लाज वाटली, दुसरं काही नाही. मैत्रीण तेव्हा चहाचं बघत होती. लॅबच्या फॉर्मवर विचारलं होतं, सॅम्पल कुठे साठवले होते. मी लिहिलं, बंद कपाटात, खोलीच्या तापमानाला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी हा रिपोर्ट. चार वाजता व्हिडिओवर मीटिंग ठरली. चेअरमनने मैत्रिणीला धाडायच्या पत्राचा मसुदा आधीच पाठवला होता. मैत्रिणीने थोडाथोडका नाही, जवळजवळ सगळा धंदा आम्हाला द्यायचा. आज संध्याकाळपर्यंत हो म्हणायचं. नाही म्हणाली तर आम्ही माघार घेणार आणि उद्या सकाळी सातला शेअर बाजारात कारणासह जाहीर करणार: मालातला अर्क लेबलशी जुळत नाही. असं एक वाक्य छापून आलं की कुठलं दुकान तिचा माल ठेवणार? दुपारपर्यंत ती संपली असती.

रिपोर्ट मी पुन्हा पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना दिसलं. सगळ्यात जुनी बाटली सगळ्यात कमजोर, त्यानंतरची जरा बरी, अशी चढत चढत सगळ्यात नवी जवळजवळ बरोबर. म्हणजे माल खोटा नव्हता. जी बाटली देवापुढे जास्त दिवस बसली ती जास्त उतरली. मला एकदम ती खिडकी आठवली आणि पुढचंही लगेच कळलं. हे सांगायचं तर आधी मी फॉर्मवर खोटं लिहिलं हे सांगावं लागणार होतं.

मी गप्प बसायचा विचार केला. केला नाही असं म्हटलं तर ते अजून एक खोटं होईल. पाच मिनिटं केला.

मीटिंगमध्ये चेअरमनचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. तो म्हणाला, वाईट वाटतं, पण ही आपल्यासाठी संधीच आहे. मी त्याला मध्येच तोडलं आणि सगळं सांगितलं. खिडकी, समई, रेडिएटर, उघडी झाकणं, त्यांवरची कुंकवाची बोटं. कपाट नव्हतंच, हेही.

वकिलाने फॉर्म उघडून माझी ती ओळ शोधली.

"हे तुला आज आठवलं?" चेअरमनने विचारलं.

"आज कळलं."

"आणि ती तुझी मैत्रीण आहे." तो रागावला नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. "तू म्हणतेस, सहाही बाटल्यांवर लाल खूण होती. रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेख नाही. तुझ्या फॉर्ममध्ये नाही. वकिलांनी पाहिली नाही. मग ह्यावर मी विश्वास कशाच्या जोरावर ठेवू?"

त्याचं बरोबर होतं. खरं ठरवणारी एकच गोष्ट होती आणि ती मी माझ्या रुमालाने पुसून टाकली होती. मी तसंच सांगितलं, की मी पुसलं. का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, मला लाज वाटली. तीन शब्द इंग्रजीत बोलायला इतके जड जातील असं वाटलं नव्हतं.

तो म्हणाला, मग मसुदा आहे तसाच राहू दे. तेव्हा मी वकिलाला म्हटलं, लॅबने बाटल्या आल्या आल्या फोटो काढले असतील, ते उघडा, झाकणं मोठी करून बघा. तो उघडू लागला. फोटो हळूहळू उतरत होते आणि मी मनातल्या मनात त्याच गणपतीला हाका मारत होते, ज्याची मला तीन आठवड्यांपूर्वी लाज वाटली होती. झाकणांच्या कडेला बारीक उभ्या खाचा असतात, बोटांची पकड बसावी म्हणून. वकिलाने पहिलं झाकण मोठं केलं. खाचांत लाल होतं. दुसऱ्यावर होतं. सहाव्या झाकणावर इतकं स्पष्ट होतं की चेअरमन खुर्चीत मागे टेकला.

"हे कळल्यावर आपल्याला उद्या ते छापता येणार नाही," वकील म्हणाला. "नवे सॅम्पल घ्यावे लागतील. ह्या वेळी मी घेईन."

चेअरमनने माझ्याकडे न बघता बरं म्हटलं. माझी नोकरी तिथेच संपली होती. पत्र सोमवारी आलं.

ऑफिस सुटल्यावर मी तडक वॉटफर्डला गेले. मैत्रीण कुलूप लावायच्या बेतात होती. तिला उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, रुमालाचं तेवढं सोडून. उद्या काय छापून येणार होतं ते ऐकताना तिने दाराची चौकट धरली. मग खिडकीकडे बघून कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, रेडिएटरवर! मी किती मूर्ख गं! सगळ्यांना सांगते, कूल अँड डार्क ठेवा, आणि स्वतः..." ती हसायलाच लागली, घाबरल्यावर माणूस हसतं तसं. मग थांबली. "पण लॅबवाल्यांनी तुम्हाला विचारलं कसं नाही? कुंकू तर होतं ना झाकणांवर?"

ह्या प्रश्नासाठी मी गाडीत काहीच तयार केलं नव्हतं.

"मी पुसलं," मी म्हटलं. "वकील आत येत होता म्हणून."

तिने हातातलं कुलूप खाली ठेवलं. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं, मीही ओरडले असते.

"तू?" ती म्हणाली. मग म्हणाली, "त्या दिवशी काकूंच्या हातातून तू नॅपकिन ओढलास ना, तेव्हापासून रोज सकाळी आरशासमोर मला तुझा आवाज ऐकू येतो. कुणी काही पुसणार नाही. मी त्याच्यावर उभी राहिले गं."

रुमाल पर्समध्येच होता. दोनदा धुऊनही कुंकवाचा डाग गेला नव्हता, हे मी तिला सांगितलं नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते. नवे सॅम्पल पास झाले, सहाही. शेल कंपनीने पहिल्या अटींवर परत विचारलं आणि मैत्रिणीने एका ओळीत नाही कळवलं. यंत्र अजून आलेलं नाही. ती हातानेच भरते.

पण मला आठवतो तो दुसऱ्या दिवशीचा, शुक्रवार सकाळचा अर्धा तास. वकील वेळेवर आला. मला यायला कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी गेले आणि कोपऱ्यात उभी राहिले. मैत्रीण मागच्या अंधाऱ्या, गार खोलीत गेली आणि वकिलाच्या देखत त्याच सहा बॅचच्या विकायच्या उरलेल्या सीलबंद बाटल्या काढून टेबलावर मांडल्या. मग देव्हाऱ्यातून करंडा आणला. एकेका झाकणावर कुंकवाचं बोट टेकवलं, सावकाश, सहा वेळा. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

वकील पेन हातात धरून गोंधळला. लॅबला चालेल का, असं तो पुटपुटला आणि माझ्याकडे वळला. "हे पुसून पाठवायचं का?"

मैत्रिणीचा हात करंड्यावरच थांबला.

"नाही," मी म्हटलं. "इथे कुणी काही पुसणार नाही. फॉर्मवर लिहा, झाकणावर लाल खूण."

त्याने विचारलं, खूण कशाची म्हणून लिहू? मी शांतपणे सांगत गेले आणि तो लिहीत गेला. त्याला स्पेलिंग दोनदा सांगावं लागलं. तो हसला नाही. मैत्रीण बाटल्या खोक्यात भरत होती. खोकं बंद करायला तिने चिकटपट्टी मागितली, कुणाचं नाव न घेता, आणि मी ती शोधून दिली.