चूक न सापडलेले अडीच महिने

सलग अडीच महिने ज्यात एकही चूक सापडत नाही असा प्रोग्राम मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही. आमच्या तपासणी यादीत मात्र तसंच लिहिलेलं असायचं. रोज संध्याकाळी पाचला यादी माझ्याकडे यायची. बत्तीस ओळी, बत्तीस बरोबरच्या खुणा, चुकांचा रकाना कोरा आणि खाली ती भरणाऱ्या मुलीचं नाव. पाहिलं की माझं डोकं फिरायचं.

आमचं ऑफिस लखनौच्या चिनहट भागात, प्लायवूडच्या गोदामावरच्या मजल्यावर. चौदा माणसं. छोट्या दवाखान्यांच्या औषधसाठ्याचं सॉफ्टवेअर करतो. कामाची पद्धत लेखी दाखवा, तरच करार, अशी अट एका बड्या ग्राहकानं घातली, म्हणून साहेबांनी मला घेतलं, त्याला तेव्हा तीनच महिने झाले होते. कोणी काय बदललं, कोणी तपासलं, काय चुकलं, सगळं नोंदीत आणायचं हे माझं काम. ते माझ्या स्वभावाला मानवतं. वडील सरकारी नोकरीत अकोल्याहून इथे आले, मी जन्मानं लखनौचीच, पण इथला गोडवा काही माझ्या अंगी लागला नाही. कोणी फार अदबीनं बोललं की हा काय लपवतोय, हेच आधी मनात येतं. आई म्हणते, तू देवाचा प्रसादही उलटून बघशील.

ती मुलगी टेस्टर, म्हणजे प्रोग्राम वापरून त्यातल्या चुका शोधणारी. सहा महिन्यांच्या उमेदवारीवर होती, महिनाअखेर कायम व्हायची होती. घर तिच्या नोकरीवर चालतं, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. तरी मी तिच्यावर पाळत ठेवली. दिवसातून चारदा ती उठून कोपऱ्यातल्या वयस्क प्रोग्रामरकडे जायची. दोघं हळू आवाजात बोलायची, चहा मागवायची, आणि मी जवळून गेले की गप्प व्हायची. कुठेतरी पाणी मुरतंय याबद्दल मला शंकाच उरली नाही. ही पोरगी काही न तपासताच खुणा करते, आणि म्हातारा तिला सांभाळून घेतो.

मग मी सापळा लावला. मुदत संपलेलं औषध कोणी द्यायला काढलं तर आमचा प्रोग्राम अडवतो. एका सोमवारी संध्याकाळी, तपासणीसाठी ठेवलेल्या प्रतीत, मी ती अडवणूकच काढून टाकली. मंगळवारी पाचला यादी आली. मुदतीच्या ओळीपुढे बरोबरची खूण! मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. यादी घेऊन मी थेट साहेबांच्या खोलीत गेले. प्रत्येक गोष्ट दोनदा तपासणारी मी, माझी चूक अजून तिथे आहे का, एवढं मात्र पाहिलं नाही.

साहेबांनी तिचं कायम होण्याचं पत्र थांबवलं. तिला बोलावून सांगितलंही. ती बाहेर आली ती रडली नाही, भांडली नाही, जागेवर जाऊन बसली. त्याचाही मी संशयच घेतला.

थोड्या वेळानं तो वयस्क प्रोग्रामर माझ्याकडे आला. "मैम, ज़रा इधर देख लीजिए," म्हणत त्यानं माझ्याच कॉम्प्युटरवर बदलांची नोंद उघडली. प्रत्येक बदलापुढे करणाऱ्याचं नाव आणि वेळ आपोआप पडते. सोमवारच्या बदलापुढे माझं नाव होतं. त्याखाली मंगळवारची दुपार, दुरुस्ती, आणि त्याचं नाव.

"बिटिया ने ग्यारह बजे ही पकड़ लिया था," तो म्हणाला. "हमने ठीक किया, उसने दोबारा जाँचा, तब निशान लगाया."

"तो लिखा क्यों नहीं?"

"यहाँ किसी की ग़लती काग़ज़ पर नहीं चढ़ाते, मैम. चाय पर बता देते हैं. और इसमें तो आपका नाम था. हमने ही कहा, नई हैं, भूल हो गई होगी, लिखना मत."

इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मी साहेबांकडे जाऊन सापळ्यासकट सगळं सांगितलं. त्यांनी तिचं पत्र काढलं. मी तिची माफी मागितली. "कोई बात नहीं, मैम," ती म्हणाली.

आता ती प्रत्येक चूक लिहिते. कोणाची, कधीची, किती वाजता सापडली, सगळं. इतरही लिहायला लागलेत. कोपऱ्यातल्या टेबलाशी आता कोणी चहा घेत उभं राहत नाही. ग्राहकाचा माणूस आला, नोंदी पाहून खूश झाला, साहेबांनी माझं कौतुक केलं. परवा एका फॉर्ममध्ये मी तारीख चुकीची लिहिली. ती माझ्या मागच्याच टेबलावर बसते, हात लांबवला तर माझ्या खांद्याला लागेल. तिनं मला ईमेल पाठवला, साहेबांनाही प्रत पाठवून.