चर्चची भिंत आणि गल्लीतले खड्डे

हसायचंच असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला एका दमात सांगता येईल. येरवड्यातल्या आमच्या चर्चचं पुराने केलं नसेल तेवढं नुकसान मी एका शनिवारात केलं!

पाणी ओसरलं तेव्हा मागची भिंत आडवी झाली होती. सगळीकडे चिखल, विटांचा ढीग. नवी भिंत बांधायची तर सगळी मदार विम्यावर. पंचमंडळाचे प्रमुख सॉलोमनकाका म्हणाले, "विम्याचा माणूस पाहून जाईपर्यंत कुणी कशाला हात लावू नका."

हात लावू नका! आमच्या पंचांचं आवडतं वाक्य. पंख्याला लावू नका, माइकला लावू नका. मी म्हटलं, "काका, रविवारची उपासना काय चिखलात करायची?"

"थांब गं जरा, रूथ."

मी आणि थांबणार? शनिवारी काका लग्नाला नगरला गेले आणि मी तरुण संघाला कामाला जुंपलं. चिखल धुतला. भिंतींवरच्या पाण्याच्या डागांवर चुना मारला. पडक्या भिंतीच्या कडा ठोकून सरळ केल्या, नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून! आणि विटा? गल्लीतल्या खड्ड्यांत भरल्या. समाजसेवा!

सोमवारी विम्याचे साहेब आले. सगळीकडे फिरले. चष्मा पुसून पुन्हा फिरले.

"छान. नूतनीकरण काढलंय का?"

"अहो, पूर आला होता!" मी म्हटलं.

"इथे?"

"भिंत पडली ना!"

"पडलेली भिंत इतकी सरळ? मॅडम, ही पाडलीय. फोटो आहेत?"

होते ना! चकचकीत फरशीवर झाडू उंचावून काढलेले.

काकांचा चेहरा बघवेना. विमा गेला म्हणजे नाताळ ताडपत्रीआड. शेवटी मीच म्हटलं, "साहेब, भिंत दाखवते. पण... जरा रस्त्यावर यावं लागेल."

मग काय, वरातच! पुढे मी, मागे साहेब, त्यांच्या मागे अख्खं पंचमंडळ. खड्ड्याखड्ड्याशी वाकून मी आमच्या भिंतीचा निळा रंग लागलेल्या विटा दाखवतेय, "ही बघा, ही खिडकीजवळची!"

एक रिक्षावाला ओरडला, "ताई, खड्डे बघायची सहल काढलीय का?"

साहेबांनी चिखल मुरलेल्या विटा पाहिल्या. शेजारच्या घरांवरचे पाण्याचे डाग पाहिले. मग कुठे मान डोलावली, पेन काढलं आणि काकांना विचारलं, "बरं, नुकसानीचं कारण काय लिहू? पूर, की या मॅडम?"

मी खड्ड्याकडेच बघत राहिले.

काका शांतपणे म्हणाले, "पूरच लिहा, साहेब. हिचा विमा आम्ही काढलेला नाही."