नवरी कोठे शे?

माझ्या लग्नाचा बस्ता फाडायला, म्हणजे लग्नाची कापडखरेदी करायला, टेम्पोभर माणसं सुरतेला गेली आणि दुसऱ्या दिवशी एक चिंधीही न घेता परत आली. आमच्या पारोळ्याकडच्या गावात असं आक्रीत कधी घडलं नव्हतं. टेम्पोत माझे आबा होते, माय होती, मावशा-काकू होत्या, मुलाकडची मंडळी होती आणि सगळ्यांच्या पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी, मुलाच्या गोदाआत्या होत्या. मी तेवढी नव्हते. मला न्यायचं कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर माझ्याही आलं नव्हतं. बस्ता सुरतेला आणि नवरी घरी, अशीच रीत होती.

झालं होतं ते असं. सुरतेच्या गोडादरा भागातल्या एका दुकानात मंडळी गादीवर बसली, पाणी झालं, चहा झाला. गोदाआत्यांनी पदर खोचून "दाखवा" असा हुकूम सोडला. दुकानाच्या मालकीणबाईंनी सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि विचारलं, "नवरी कोठे शे?"

"नवरी घर शे," माझी माय म्हणाली.

"घर शे? मंग साडी कोन नेसनार शे?"

बाईंनी काढलेली साडी पुन्हा घडी करून फळीवर ठेवली. म्हणाल्या, बस्त्यात पहिली साडी नवरीची निघते, तिला हळदकुंकू लागतं, मग बाकीच्यांच्या. नवरी नाही तर पहिली साडी नाही. पहिली नाही तर दुसरी काढायची तुमच्यात रीत आहे का? तशी रीत नव्हती. आमच्याच रीतीने आम्हाला चारीमुंड्या चीत करणाऱ्या त्या बाईंचं नाव लीलाबाई. अख्खी गल्ली त्यांना लीलाआक्का म्हणायची.

मंडळी तणतणत मोठ्या कापड मार्केटात गेली. तिथे ठोक व्यापारी. तो म्हणाला, अख्खा सेट उचला, सुटी साडी मिळणार नाही. म्हणजे दोन्हीकडच्या सगळ्या बायकांनी बँडवाल्यांसारखं एकाच नक्षीत मांडवात उभं राहायचं. ते काही कोणाला पटेना. टेम्पो रिकामा परतला आणि गोदाआत्यांनी आमच्या दारात उतरून जाहीर केलं की हे सगळं मुलीनेच त्या बाईला शिकवून ठेवलंय. मी त्या बाईला जन्मात पाहिलेलं नव्हतं. सुरतही पाहिलेली नव्हती.

लग्न मोडायचंच, पण मुलगा आडवा आला. प्रकाश सुरतेत पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, आक्कांच्या यजमानांबरोबर कामाला होता आणि आक्कांच्याच मागच्या खोलीत भाड्याने राहत होता. आईवेगळ्या प्रकाशला गोदाआत्यांनी वाढवलेलं, त्यामुळे त्यांच्यापुढे तो सहसा तोंड उघडत नसे. त्या दिवशी उघडलं. "आत्या, मी आक्काले शब्द देयेल शे. बस्ता तठेच."

आत्यांनी बराच वेळ सुपारी कातरली आणि निकाल दिला. आज साडी विचारा, उद्या सगळंच विचारावं लागेल, हे त्यांना साफ दिसत होतं. पण पोराचा शब्द पडायला नको. "पोरले ली चला. पन तठे एक शब्द जास्ती बोलनी, तर टेम्पो मी परत फिरावसू. लगन बी तठेच मोडं समजा."

मायने मला रात्रभर बजावलं, तोंड उघडू नको. म्हणजे पाहा, न बोलावं तर ती बाई बस्ता काढणार नाही आणि बोलावं तर सासरचे टेम्पो फिरवणार. हे ओझं घेऊन मी आयुष्यात पहिल्यांदा सुरतेला निघाले.

पण दुकानात शिरण्याआधी आक्कांविषयी थोडं सांगायला हवं. पुढे मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून कित्येक वर्षं संसार केला, त्यामुळे तो अधिकार मला आहे. आक्का आता नाहीत. असत्या तर हे लिहू दिलं नसतं, किंवा दिलं असतं आणि त्यांचा फोटो कोणत्या साडीत छापायचा यावरून माझं डोकं खाल्लं असतं.

आक्का शिंदखेड्याकडच्या. नवऱ्यामागे सुरतेला आल्या, आधी घरी बसून साड्यांना टिकल्या लावल्या, मग पुढच्या खोलीत साड्या मांडल्या. एकदा त्या कामानिमित्त शहरातल्या बड्या वस्तीत गेल्या आणि तिथे त्यांनी बुटीक पाहिलं. काचेचं दार, आत पाच कपडे टांगलेले आणि एक बाई पंख्याखाली खुर्चीत बसलेली. आक्का थक्क होऊन घरी आल्या. आपण शंभर साड्या उपसतो तेव्हा एक खपते, आणि ही पाच टांगून बसलीय! दुसऱ्याच दिवशी त्यांनी दुकानाच्या पुढच्या भागात पाच ब्लाउज टांगले, एक खुर्ची ठेवली, मधे पडदा लावला आणि पाटी रंगवून घेतली, 'मनीषा बुटीक'. पडद्यामागे गादी आणि साड्यांचे ढीग होतेच. खुर्चीवर आक्का कधी बसल्या नाहीत, तिच्यावर मांजर बसायचं.

"ही मनीषा कोण?" मी एकदा विचारलं.

"कोनी नही," आक्का म्हणाल्या. "लीला बुटीक म्हनतू तर बठ्ठा नातेवाईक फुकट मांगाले येतस. मनीषानं नातं कोनाशी लागत नही."

फॅशनबद्दल त्यांची मतं पक्की होती. मोठमोठे व्यापारी पुढच्या हंगामात कोणता रंग चालेल याचे अंदाज बांधत. आक्का संध्याकाळी नवऱ्याचे हात बघत. दगडूनाना मिलमधून आले की आक्का आधी त्यांचे दोन्ही तळवे उजेडात धरायच्या, मग चहा द्यायच्या. नखांत सलग आठवडाभर राणी रंग दिसला की त्या राणी रंगाच्या जुन्या साड्या घाईने विकून टाकत, कारण महिन्याभरात तो रंग मार्केटात पैशाला पासरी होणार. "फॅशन म्हंजे काय वं?" त्या म्हणत. "मिलमा जास्ती व्हयेल रंग. बाकी बठ्ठं बोलनं." नानांना मात्र वाटायचं की लग्नाला इतकी वर्षं झाली तरी बायको रोज हात हातात घेते. त्यांचा तो समज कोणी दूर केला नाही.

मार्केटात खरेदीला जायचं तर आक्का मला बरोबर घ्यायच्या. पर्वत पाटियाच्या नाक्यावरून रिक्षात कोंबून आम्ही जायचो. व्यापारी हमखास सांगायचा, ही साडी अमक्या नव्या सिनेमात हिरॉइनने नेसलीय. आक्का शांतपणे विचारायच्या, "कौनसे सीन में, सेठ? नाचने के की रोने के?" सेठ गडबडायचा. "रोने के सीन का माल शादी में नहीं चलता," असं म्हणून आक्का ती साडी बाजूला सारायच्या. एका बिचाऱ्याने पुढच्या वेळी सिनेमा खरंच बघून ठेवला होता. आक्कांनी त्याच्याकडून दोन साड्या जास्त घेतल्या.

घासाघीस करण्याची त्यांची पद्धत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. त्या भांडत नसत. सेठने भाव सांगितला की त्या गादीवर आडव्या व्हायच्या, लोड डोक्याखाली घ्यायच्या आणि डोळे मिटून गुजरातीत सांगायच्या, "भाव नीचे आवे त्यारे उठाडजो," भाव खाली आला की उठवा. गिऱ्हाइकं येताहेत, जाताहेत आणि दुकानाच्या मधोमध एक धष्टपुष्ट खान्देशी बाई झोपलीय! सेठ आधी हसायचा, मग घसा खाकरायचा, मग हळूहळू खाली उतरायचा. मी शेजारी शरमेने अर्धी व्हायचे. एकदा तर आक्का खरोखरच घोरायला लागल्या. योग्य भाव आल्यावर मी त्यांना हलवून उठवलं, तर माझ्यावरच रागावल्या, अजून थोडा उतरला असता म्हणून.

गिऱ्हाइकाला न शोभणारी साडी त्या विकत नसत. बाई आरशासमोर खुश होऊन उभी असली तरी तिला थोरल्या जावेची आठवण करून द्यायच्या, "आरसा लबाड ऱ्हास, जेठानी नही. जेठानी काय म्हनी त्याना इचार करा." आणि पोपटी रंगावर त्यांचा विशेष राग. पोपटी पोपटाने नेसावा, असं त्यांनी अर्ध्या गोडादऱ्याला ऐकवलेलं होतं.

हे मला त्या दिवशी कुठलं माहीत असायला!

दुकानात मला गादीच्या मधोमध बसवलं. भोवती मंडळींचं कडं. गोदाआत्या बरोबर समोर. आक्कांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "सांग वं पोरी, कसी साडी दाखाडू?"

मी मायकडे पाहिलं. मायने डोळे मोठे केले. आत्या माझ्या ओठांकडे टक लावून होत्या.

"कोनतीबी चाली," मी पुटपुटले.

"कोनताबी नावना रंग मन्हा दुकानमा नही," आक्का म्हणाल्या. "लाल शे, हिरवा शे, निया शे. कोनताबी नही शे."

मग त्यांनी सगळ्यांना चहाला बाहेर पिटाळलं. आत्या जाईनात, तेव्हा त्यांनाही हवा खायला खुर्चीवर, मांजराला उठवून, बसवलं. पडदा ओढला. मला वाटलं आता गोड बोलून माझ्याकडून काढून घेतील. तसं काही नाही. त्या फळ्यांवरच्या साड्या काढून माझ्यासमोर टाकत राहिल्या आणि स्वतःशीच बोलत राहिल्या. "मन्हा लगनमा चाळीस साड्या फाड्यात. त्यातली एक माले दिन्ही. कोनती, ते मंडपमा समजनं." बाहेरून आत्या दर दोन मिनिटांनी "व्हयनं का?" विचारत होत्या.

मी घाबरलेली होतेच, पण खरं कारण वेगळं होतं. मला कोणता रंग आवडतो हे मलाच माहीत नव्हतं. घरात थोरल्या बहिणीचे कपडे अंगावर येत, तिला चुलत बहिणीचे आलेले असत. आवडीचा प्रश्न आमच्यापर्यंत पोचायचाच नाही. मी त्या ढिगाकडे बघत राहिले आणि मला रडू यायला लागलं. आक्कांनी समजूत घातली नाही. म्हणाल्या, "रड. पन साडीवर नको, डाग पडस."

मला हसू आलं आणि हसता हसता मी एका साडीवर हात ठेवला.

पडदा सरला, मंडळी आत आली आणि सगळ्यांनी माझ्या हाताखालची साडी पाहिली. पोपटी अंग. नारिंगी काठ. वर पाटाएवढाली जांभळी फुलं. मायने तोंडावर पदर घेतला. आबा उगाच छताकडे पाहू लागले. "हाई?" गोदाआत्या म्हणाल्या, आणि टेम्पो फिरवायचंही विसरून त्या मदतीसाठी आक्कांकडे वळल्या. "तुम्ही तरी सांगा वं तिले!"

आक्कांचा चेहरा मला अजून आठवतो. कडू काढा गिळताना माणूस करतं तसं त्यांनी तोंड केलं. ती साडी कुठल्याशा सेटबरोबर गळ्यात पडलेली, ढिगाच्या तळाशी दडवलेली. आक्का नाही म्हणाल्या असत्या तर दोन्ही घरं एका सुरात हो म्हणाली असती. पण त्यांनी हळदकुंकवाची वाटी पुढे ओढली. "नवरीनी सांगं. हाईच पहिली."

आत्या माझ्याकडे वळल्या. "तुले खरंच हाई आवडनी?"

एक शब्द जास्त झाला तर लग्न मोडणार होतं. मी एकच शब्द बोलले. "हा."

हळदकुंकू लागलं आणि बस्ता सुरू झाला. पुढे सगळं रीतसर झालं, म्हणजे भरपूर भांडणं झाली. मानाप्रमाणे एकेकीची साडी निघत गेली. गोदाआत्यांची पाळी आली तेव्हा कोणी काही विचारलं नाही. त्या ऐन तरुणपणी विधवा झालेल्या. त्यांनी स्वतःच ढिगातली एक राखी, बिनकाठाची ओढली, "मन्हं काय, हाई व्हयी," म्हणाल्या आणि पुढच्या बाईच्या साडीवरून भांडायला लागल्या.

संध्याकाळी टेम्पो भरला. आक्का मला आतल्या खोलीत ब्लाउजच्या मापासाठी थांबवून टेप शोधायला दुकानात गेल्या. इतक्यात गोदाआत्या आल्या. मला वाटलं उशिराबद्दल ओरडायला आल्या. पण त्या पडद्याआड आक्कांसमोर बसल्या. बाहेर ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता.

"माले बी इचार ना वं," आत्या म्हणाल्या.

तो आवाज त्यांचा आहे हे मला आधी कळलंच नाही.

"सांगा आत्या," आक्का म्हणाल्या. "कोनता रंग?"

"डायिंबी."

डाळिंबी. आत्यांना विचार करावा लागला नाही. मला सकाळभर एक रंग सापडला नव्हता आणि ही बाई इतकी वर्षं तो जिभेवर घेऊन बसली होती. आतल्या खोलीत माझ्या डोळ्यांना पुन्हा धार लागली.

आक्कांनी साडी काढल्याचा आवाज आला. मग आत्यांचा, एकदम घाबरलेला, "घर काय सांगू वं? लोके काय म्हनतीन?"

"सांगा, त्या सुरतनी बाईनी पिशवी बदली दिन्ही," आक्का म्हणाल्या. "आते नवी साडी फेकी थोडीच देवाई! माले शिव्या द्या. मोठ्ठ्या द्या, बठ्ठास्ले ऐकू जावाले पाहिजेत."

लग्नात मी पोपटी साडीत उभी होते आणि माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं. सगळ्यांचे डोळे डाळिंबी साडीतल्या गोदाआत्यांवर होते. एखादी म्हातारी नाक मुरडायला तोंड उघडणार, तोच आत्या कडाडायच्या, "त्या बाईना हात मोडो! पिशवीच बदली दिन्ही वं माय! आते काय फेकी देऊ?" मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्या प्रत्येकीला थांबवून हे सांगत फिरल्या. ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही सांगितलं. पंगतीत पहिल्याच पाटावर लीलाआक्का बसल्या होत्या. त्या शिव्या ऐकत, मान डोलावत, माझ्या लग्नाची बुंदी पुन्हा मागून घेत होत्या.