एवढं जरा गाठवून द्या

मण्यांची डबी कधी ना कधी हातातून सुटतेच. मग आपण गुडघ्यांवर बसून सगळे मणी गोळा करतो, मोजतो, हुश्श म्हणतो. आणि दिवाळीच्या साफसफाईत कपाटामागून आणखी तीन निघतात! आमच्या धंद्यातल्या किश्शांचं तसंच आहे. संपले म्हणावं तर कुठून तरी एखादा घरंगळत येतोच.

तर मी हाताने दागिने बनवते. चांदी, पितळ, मणी, मोती. अकरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढली, मग एके दिवशी राजीनामा दिला आणि कोथरूडच्या आमच्या फ्लॅटची मागची बाल्कनी बंद करून तिथे टेबल मांडलं. डिझाइन माझं, ठोकाठोकी माझी, पॅकिंगही माझंच. प्रदर्शनात स्टॉल मात्र दोघींत एक. दुसरी म्हणजे रोहिणीताई. नारायण पेठेतल्या, साठीच्या पुढच्या. नथी बनवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही आणि बोलण्यात तर नाहीच नाही!

लोकांना वाटतं, काय छान काम आहे, निवांत! निवांत? अहो, नवीन दागिना करताना टेन्शन येत नाही. बिघडला तर वितळवला, पुन्हा केला. टेन्शन येतं ते दुसऱ्याची जुनी वस्तू हातात आली की. ती गेली तर बाजारात मिळत नाही, आणि तोंड दाखवायला आपल्यालाही जागा राहत नाही. लोक ती देतात मात्र अगदी सहज. पर्समधून पुडी निघते, आणि पाठोपाठ ते वाक्य. "एवढं जरा गाठवून द्या ना!"

*

पहिला झटका आमच्याच सोसायटीत बसला.

मी चांदीला डाग देत होते. म्हणजे टॉर्चच्या ज्योतीवर दोन तुकडे जोडत होते. डाग वितळायला लागला की हातात दोन सेकंद असतात. एक क्षण जास्त झाला की आठवडाभराचं काम पाघळलंच! तेव्हा आईबाप जरी आले तरी मान वर करायची नाही.

नेमकी तेव्हाच बेल वाजली. सासूबाईंनी दार उघडलं आणि आत आले सोसायटीचे सेक्रेटरी. मागे वॉचमन, त्याच्या हातात जिन्यातला आग विझवायचा लाल सिलेंडर, नळी थेट माझ्यावर रोखलेली!

"काय पेटवलंय इथे?"

"जागचं हलू नका!" मी ओरडले. "एक मिनिट! श्वाससुद्धा जोरात घेऊ नका!"

मीटिंगमध्ये आख्ख्या बिल्डिंगला गप्प बसवणारा माणूस, तो खरंच पुतळ्यासारखा उभा राहिला. वॉचमनचा अंगठा खटक्यावर. त्याने तो दाबला असता तर मी, चांदी आणि सासूबाईंची लोणच्याची बरणी, सगळ्यांना पांढरा फेस! डाग वितळला, नीट बसला, मी टॉर्च बंद केली. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

सेक्रेटरींनी पाहणी केली. गॅसची टाकी बघितली, खिडकी उघडून बघितली, टेबलाखालची फरशी बघितली. "हे नियमात बसत नाही. लेखी नोटीस येईल."

संपलं, म्हटलं. उचला आता टेबल. नोकरी सोडलेली आणि आता बाल्कनीही गेली! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

त्यांनी वॉचमनला खाली पाठवलं. दार लोटलं. मग शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आत बायकोचं पैंजण, कडी निखळलेली.

"नोटीस पुढच्या महिन्यात काढतो," ते हळू आवाजात म्हणाले. "तोवर टॉर्च गरम आहेच, तर एवढं जरा जोडून द्या ना."

*

पण खरा घाम फुटला तो बसरा मोत्याने.

एक ओळखीच्या बाई आजीची नथ घेऊन आल्या. तार झिजली होती. मोती अस्सल बसऱ्याचे, जुन्या घरांतून निघतील तेवढेच, नवे आता येत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याला हीच नथ हवी होती. मी जुनी तार कापली, मोती बशीत काढले. सात. टेबलावर फोन थरथरला. मी फोन उचलला, खाली ठेवला, बशीत बघितलं.

सहा!

मी किंचाळले, "कुणीही हलायचं नाही!" घरात संचारबंदी. नवरा ऑफिसच्या कॉलवर होता, तो हेडफोनसकट जमिनीवर उपडा. बाल्कनीच्या मोरीची जाळी उचकटली. व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी फोडली आणि त्यातला सगळा कचरा नवऱ्याने चहाच्या गाळणीने गाळून काढला. दोन रबरबँड निघाले, शेजारच्या पिंकीचा दुधाचा दात निघाला, मोती नाही! दीड तास झाला. मी रडत रडत त्या बाईंना फोन लावायला घेतला. काय सांगणार होते? "तुमच्या आजीचा मोती माझ्याकडून हरवला"? हे वाक्य तोंडातून निघणार कसं!

तेवढ्यात सासूबाई भजनी मंडळातून परत आल्या. दारातच थांबल्या. सगळा पसारा बघितला, मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"आधी सरळ उभी राहा. आता ती पँट खाली सोड. काय बाई फॅशन, बाहीसारखी दुमडायची!"

मी जीन्सची घडी सोडली. टप्पकन मोती फरशीवर पडला.

मी सासूबाईंना मिठीच मारली. त्या माझ्या खांद्यावरून नवऱ्याच्या हातातल्या गाळणीकडे बघत होत्या. "झालं ना? आता नवीन गाळणी आणा. आणि तोवर मला चहा नको."

*

त्या दिवसापासून नियम. जुनी वस्तू हातात घ्यायची नाही. रोहिणीताईंनी स्वतःच्या अक्षरात पाटी लिहून दिली आणि ती आम्ही प्रत्येक स्टॉलवर लावायला लागलो.

"जुने दागिने गाठवून मिळणार नाहीत. एवढंच असेल तरी मिळणार नाहीत. विचारून बघू, असं म्हणू नये."

पहिल्याच दिवशी एक आजोबा आले. चष्मा लावून सगळी पाटी मोठ्याने वाचली. एकदा नाही, दोनदा. मग खिशात हात घातला आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, लोक फार त्रास देतात. पण हे खरंच एवढंसं आहे हो!"

रोहिणीताई म्हणाल्या, "मग हरवलं तरी चालेल ना?"

आजोबांचा हात खिशातच राहिला.

*

नवीन वस्तूचं टेन्शन येत नाही, असं मघाशी म्हटलं ना मी? एकदा आलं. चांगलंच आलं!

विदर्भातली एक मुलगी, इथे आयटीत. रविवारी विहारात लग्न. पांढऱ्या साडीवर घालायला तिने पिंपळपानांचा चांदीचा सेट सांगितला होता. अठ्ठावीस पानं, एकेक हाताने कापलेलं, एकेकाची शीर वेगळी कोरलेली. माझ्या आयुष्यातलं तोवरचं सगळ्यात मोठं काम. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता ती प्रदर्शनात घ्यायला येणार होती.

साडेतीनला मी पाणी प्यायला गेले. परत येते तर डबा रिकामा! रोहिणीताई दुसऱ्या गिऱ्हाइकाला नथ दाखवत होत्या. शेजारचा स्टॉलवाला म्हणाला, "एका ताईंनी गळ्यात घालून बघितला. मैत्रिणीला दाखवून दोन मिनिटांत आणते म्हणाल्या."

"किती वेळ झाला?"

"झाली असतील वीस मिनिटं."

हॉलमध्ये तीन-चारशे बायका! मी धावत सुटले. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीच्या गळ्याकडे बघत. दोघींनी मला रागाने पदर सावरून दाखवला. दारावरच्या माणसाला विचारलं, तो म्हणाला, "मॅडम, मी चपला बघतो, गळे नाही." चार वाजले. लग्न उद्या. अठ्ठावीस पानं एका रात्रीत देवही कापून देणार नाही. मी पायरीवर बसले आणि त्या मुलीला काय सांगायचं याची वाक्यं जुळवायला लागले.

तेवढ्यात माईकवर ओळखीचा आवाज आला. रोहिणीताई!

"कृपया लक्ष द्यावं. पिंपळपानांचा चांदीचा सेट घालून ज्या ताई हॉलमध्ये फिरत आहेत, त्यांनी तो स्टॉल नंबर चौदावर आणून द्यावा. आपल्याला तो मुळीच शोभत नाहीये. धन्यवाद."

अर्ध्या मिनिटात एक बाई गर्दी चिरत आमच्या स्टॉलवर हजर. लालबुंद! "कोण म्हणालं शोभत नाही?"

"आधी काढा," रोहिणीताई शांतपणे म्हणाल्या. "मग सांगते."

पाचला नवरी आली. सेट बघून तिचे डोळे भरून आले. मग एकदम शंका आल्यासारखी म्हणाली, "कुणी ट्राय तर नाही केला ना?"

"केला होता एकीने," रोहिणीताई म्हणाल्या. "पण बिचारीला मुळीच शोभला नाही."

*

आता शेवटचा.

गेल्या वर्षीचं प्रदर्शन, स्वारगेटजवळच्या हॉलमध्ये. मागच्या गल्लीत एक हॉस्पिटल. दुपारी तीनच्या सुमारास एक बाई आल्या. पन्नाशीच्या, डोक्यावर पदर, एक हात गळ्याशी धरलेला आणि दुसऱ्या हाताची मूठ घट्ट. मूठ उघडली तर रुमालात काळे मणी आणि सोन्याच्या दोन वाट्या.

"बाई, एवढं ववून द्या. आत्ताच्या आत्ता."

मी पाटीकडे बोट करणार, तोच त्या म्हणाल्या, "मालकांचं हार्टचं आपरेशन चालू हाय. आत न्हेताना त्यांनी मला धरलं, सोडंनात. त्यात वाढलं."

मंगळसूत्राला तुटलं म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात. मुलाला हॉस्पिटलात बसवून त्या दोन तास गल्ल्या फिरत होत्या. गाठवणाऱ्यांची दुकानं दुपारची बंद. कुणीतरी हॉलचा पत्ता सांगितला, म्हणून आल्या होत्या.

आता मी स्वतः मंगळसूत्र घालत नाही. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण सुईत दोरा जाईना. ओवलेले मणी दोनदा निसटले. कमी पडले ते मी माझ्या डबीतले घातले. कसंबसं ओवून झालं, राहिली शेवटची गाठ. ती मारली, सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली.

"ताई, तुम्ही मारा," मी म्हटलं.

रोहिणीताई एक पाऊल मागे सरकल्या. दोन्ही हात पाठीमागे. ज्या बाईला आयुष्यात कधी शब्द कमी पडला नाही, ती खाली बघून म्हणाली, "मी नको गं. माझे यजमान नाहीत ना."

सात वर्षं आम्ही एका टेबलावर बसतो. शेकडो नवऱ्या मुलींच्या नथी त्यांनी केल्या, मंगळसूत्राला कधी हात लावला नाही. आणि हे माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं! मला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात बाईंच्या पिशवीत फोन वाजायला लागला.

मी म्हटलं, "मावशी, फोन घ्या ना."

"न्हाई. आधी गाठ."

मग त्या रोहिणीताईंकडे वळल्या. "तुमीच मारा, बाई. तुमच्या हातची सुटायची न्हाई."

फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजायला लागला. खरं सांगते, तो उचलू नये असं मलाही वाटत होतं. रोहिणीताईंनी पदराला हात पुसले. दोरा घेतला. एक गाठ, दुसरी, तिसरी. मेण लावलं, टोक कापलं. बाईंनी मान पुढे केली आणि ताईंनी मंगळसूत्र त्यांच्या गळ्यात घातलं.

मग बाईंनी फोन काढला. बटणांचा फोन, आवाज आख्ख्या रांगेला ऐकू जाईल एवढा मोठा.

"आई! कुठं हाईस गं? डॉक्टर भाईर आल्यात! समदं नीट झालं म्हणत्यात!"

"व्हय, म्हाईत हाय मला," बाई म्हणाल्या. "तू सकाळपासनं काय खाल्लंस का न्हाई?"