पटावरची चिमणी

माझ्या थोरल्या जाऊबाई सरकारी शाळेत पाचवी ते आठवीला गणित शिकवतात. शिकवतात इतकं चांगलं, की त्यापायीच शाळा ओस पडत चालली आहे. मूल जरा तयार झालं की मोठ्या गावातल्या निवासी शाळेची परीक्षा देतं, पास होतं आणि जातं. इथला पट घटतो.

गेल्या वर्षी सहावीत शिंप्याची मुलगी होती. सगळे तिला चिमणी म्हणत. संध्याकाळी ती आमच्या स्वयंपाकघरात पाटी घेऊन बसायची आणि सासूबाई तिच्यापुढे निवडायची भाजी सरकवायच्या. "डोकं चालू दे तुझं, हात कशाला रिकामे?"

एकदा हेडमास्तर घरीच आले. चहा निवत ठेवून म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षी सातवीचा पट अगदी काठावर आहे. एक जरी मूल गेलं तरी वर्ग बंद करतील. उरलेल्यांना रोज शेजारच्या गावापर्यंत पायपीट. चिमणीला यंदा परीक्षेला नका बसवू."

चिमणी खाली मान घालून भाजी निवडत होती.

दुसऱ्या दिवसापासून तिची गणितं चुकायला लागली. जाऊबाईंनी पाटी जवळ ओढली. रीत सगळी बरोबर, फक्त शेवटचं उत्तर चुकीचं. प्रत्येक गणितात तेच.

"हे काय गं?"

"येत नाही मला."

"तुला चुकायलासुद्धा नीट येत नाही. निदान रीत तरी चुकवायची."

चिमणी पाटी पुसायच्या फडक्याशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "मी गेले तर सगळ्यांना चालत जावं लागेल ना?"

जाऊबाईंनी फडकं पाण्यात बुडवून पिळलं आणि तिच्या हातात दिलं. "वर्गाची काळजी करायला मी आहे. तू तुझी उत्तरं पूस आणि नीट लिही."

चिमणी परीक्षेला बसली, पास झाली, गेली. हेडमास्तरांनी अबोला धरला. सुट्टीभर जाऊबाई सातवीसाठी मूल शोधत दारोदार हिंडल्या. शेवटी सासूबाईंनीही चपला घातल्या. "तू गेल्या गेल्या शाळेचं सांगायला लागतेस. मी आधी पाणी मागते, म्हणजे आत तरी घेतील."

नव्या वस्तीत एका गवंड्याच्या बायकोनं पाणी दिलं. तिची मुलगी सातवीत जायची होती.

"ती शिंप्याची पोर तुमच्याच हाताखालची ना?" तिनं विचारलं.

"हो. पण गेली ती. आमच्याकडची मुलं शिकली की जातातच," जाऊबाईंनी सांगून टाकलं. सासूबाईंनी त्यांना कोपरानं ढोसलं.

गवंड्याच्या बायकोनं आत हाक मारली, "बाहेर ये गं. या तुझ्या बाई."

दारात उभ्या मुलीला जाऊबाईंनी जवळ घेतलं. "अपूर्णांक येतात का?"

मुलीनं नाही म्हणून मान हलवली.

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या, "ही टिकेल वर्षभर."